ठेंगणे व दुर्मिळ शंकुमंत वृक्ष

प्रकटबीज (ज्यांचे बी फळात बंदिस्त नसते अशा) वनस्पतींपैकी ज्या वृक्षांचे व क्षुपांचे प्रजोत्पादक अवयव शंकूच्या स्वरूपात असतात, त्यांना शंकुमंत किंवा सूचिपर्णी वृक्ष म्हणतात. चीड, देवदार, सुरू, मोरपंखी आणि उद्यानांत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने लावला जाणारा ॲरॉकेरिया ही त्यांची परिचित उदाहरणे होत. जगात त्यांच्या ६०० हून अधिक जाती आहेत. कॅलिफोर्नियातील कोस्ट रेडवुड हा सु. ११५ मी. उंचीपर्यंत पोहोचणारा जगातील सर्वांत उंच वृक्ष या गटातीलच असून, दहा वर्षांत वीतभर वाढणारी झुडपेही याच गटात आढळतात. अशा ठेंगण्या प्रकारांचा व विरळ जातींचा संग्रह करण्याची आवड समशीतोष्ण देशांत फार जुनी आहे. भारतातील मैदानी शहरांतही कुंड्यांतून व लहान बागांतून ती रुजू लागली आहे.

‘दुर्मिळ’ हा शब्द या संदर्भात दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. काही जाती निसर्गातच मोजक्या उरल्या आहेत. उलट काही लागवडीतील प्रकार रोपवाटिकांत कमी तयार केले जातात, एवढ्यापुरतेच विरळ असतात. दुसऱ्या गटातील झाड एका फांदीपासूनही पुन्हा वाढविता येते. पहिल्या गटातील जातीचा नैसर्गिक समूह नष्ट झाल्यास तो पुन्हा निर्माण करता येत नाही. संग्राहकाने कोणते झाड कोठून मिळवावे आणि त्याचे पुढे काय करावे, हे या भेदावर अवलंबून असते.

सामान्य लक्षणे : शंकुमंत वृक्षांची पाने बहुधा सुईसारखी, रेषाकृती किंवा खवल्यांसारखी असतात. बहुतेक जाती सदापर्णी आहेत. लार्च, टॅक्सोडियम व मेटॅसिक्वोया हे पानझडी अपवाद होत. नर-शंकू लहान व अल्पायुषी असून परागकणांचा प्रसार वाऱ्याने होतो. स्त्री-शंकू चीड व देवदार यांमध्ये काष्ठमय, जूनिपरमध्ये मांसल व मृदुफळासारखा असतो. यू व पोडोकार्पस यांमध्ये शंकूचे नेहमीचे रूप लोप पावून एकेक बी मांसल भागासह तयार होते. पायनेसी, क्युप्रेसेसी, ॲरॉकेरिएसी, पोडोकार्पेसी व टॅक्सेसी ही या गटातील महत्त्वाची कुले आहेत.

काही वनस्पतींचा शंकुमंतांत चुकीने समावेश केला जातो. कोकण किनाऱ्यावर ‘सुरू’ या नावाने ओळखला जाणारा कॅझुअरायना हा फुलझाडांपैकी असून त्याची शंकूसारखी दिसणारी वस्तू म्हणजे अनेक फुलांपासून बनलेले संयुक्त फळ होय. सुईसारखे भासणारे भाग ही त्याची हिरवी, सांधेदार डहाळी असते. सायकस प्रकटबीज असला व त्याला शंकू येत असले, तरी तो स्वतंत्र गटातील आहे.

ठेंगणेपणाचा अर्थ : ठेंगणा प्रकार म्हणजे वाढ थांबलेले झाड नव्हे. तो दरवर्षी वाढतच असतो. मात्र त्याच्या वाढीचा वेग मूळ जातीच्या मानाने अतिशय मंद असतो. म्हणून आकाराची प्रतवारी अंतिम उंचीवरून न करता वार्षिक वाढीवरून करतात. अमेरिकन कॉनिफर सोसायटीने (स्थापना १९८३) रूढ केलेल्या प्रतवारीप्रमाणे वर्षाला सु. २·५ सेंमी. पेक्षा कमी वाढणारे प्रकार ‘सूक्ष्म’ गणतात. दहा वर्षांनी त्यांचा आकार सु. ३० सेंमी. पर्यंत असतो. वर्षाला २·५ ते १५ सेंमी. वाढणारे ते ‘ठेंगणे’ असून दहा वर्षांत ते ३० ते १८० सेंमी. होतात. १५ ते ३० सेंमी. वाढणारे ‘मध्यम’ व त्याहून अधिक वाढणारे ‘मोठे’ होत.

ही मापे थंड प्रदेशांतील आहेत. तेथे वाढीचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. उष्ण प्रदेशात जे प्रकार तग धरतात त्यांना वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा नवी पालवी फुटू शकते व दहा वर्षांतील त्यांचा आकार पुस्तकातील आकड्यांपेक्षा बराच मोठा होतो. दोन झाडांतील अंतर ठरविताना हे लक्षात घ्यावे लागते.

कुंडीतील रोप लहान दिसते म्हणून ते ठेंगणे ठरत नाही. ॲरॉकेरियाचे मीटरभर उंचीचे, टप्प्याटप्प्यांनी पसरलेल्या फांद्यांचे रोप दिवाणखान्यात शोभते. परंतु जमिनीत लावल्यावर तो ५० मी. हून उंच होणाऱ्या जातीचा वृक्ष असतो. कुंडीत मुळे कोंडली असेपर्यंतच तो लहान राहतो. त्याचप्रमाणे बॉनसाय हेही ठेंगण्या प्रकारांहून भिन्न आहे. बॉनसायचा लहानपणा मुळांच्या व फांद्यांच्या छाटणीने टिकविलेला असतो, तो आनुवंशिक नसतो आणि छाटणी थांबताच झाड आपल्या मूळ आकाराकडे वाढू लागते.

ठेंगण्या प्रकारांचा उगम : हे प्रकार प्रामुख्याने चार मार्गांनी निर्माण झाले आहेत.

(१) रोपांतील उत्परिवर्तन : बियांपासून उगवलेल्या असंख्य रोपांत एखादे रोप आनुवंशिक बदलामुळे खुरटे निघते. पांढऱ्या स्प्रूसचा ‘कोनिका’ हा प्रसिद्ध प्रकार १९०४ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अर्नल्ड आर्बोरेटम या संस्थेचे जे. जी. जॅक व आल्फ्रेड रेडर यांना असाच सापडला. आज जगभर विकली जाणारी त्याची झाडे शाकीय पद्धतीने, म्हणजे बियांऐवजी फांद्यांपासून, वाढविलेली आहेत. या झाडावर कधीकधी मूळ जातीचा जोमदार कोंब फुटतो. तो वेळीच बुडापासून काढला नाही, तर काही वर्षांत सर्व झाडावर मात करतो.

(२) गुच्छवाढ : मोठ्या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर आखूड कोंबांचा दाट, झाडूसारखा गुच्छ तयार होतो. कवके, सूक्ष्मजीव किंवा परजीवी वनस्पती यांमुळे असे गुच्छ उद्‌भवतात. हिमालयात निळ्या पाइनवर वाढणारी आर्स्युथोबियम ही बांडगूळवर्गीय परजीवी वनस्पती याचे उदाहरण आहे. रोगजन्य गुच्छाचा संग्राहकास उपयोग नसतो. परंतु काही गुच्छ एकाच कळीतील उत्परिवर्तनाने बनलेले असतात व त्यांच्या काड्या मूळ जातीच्या रोपांवर कलम केल्यास ठेंगणी झाडे मिळतात. अशा गुच्छावरील शंकूंतील बी पेरल्यास साधारणतः निम्मी रोपे ठेंगणी व निम्मी सामान्य निपजतात. जूनिपरस स्क्वामाटा ही हिमालयातही वाढणारी जाती असून तिच्या ‘मेयेरी’ या प्रकारावर हॉलंडमध्ये आढळलेल्या अशा वाढीपासून ‘ब्लू स्टार’ हा निळसर, गोलाकार प्रकार विकसित झाला.

(३) उंच पर्वतांवरील जाती : वारा, बर्फ व अल्प उन्हाळा यांमुळे काही जाती निसर्गतःच जमिनीसरपट वाढतात. यूरोपातील पायनस म्यूगो व हिमालयातील वृक्षरेषेवरचे सरपट जूनिपर हे या गटातील होत. हा गुण आनुवंशिक असेल तरच सखल प्रदेशात टिकतो; केवळ परिस्थितीमुळे खुरटलेले रोप चांगल्या जमिनीत आणल्यावर उंच होते.

(४) बाल्यावस्था व फांदीचे स्थान : क्युप्रेसेसी कुलातील रोपांची पहिली पाने मऊ व सुईसारखी, तर नंतरची खवल्यांसारखी असतात. काही झाडे आयुष्यभर बाल्यावस्थेतील पानेच धारण करतात. एकोणिसाव्या शतकात अशा जपानी झाडांसाठी ‘रेटिनिस्पोरा’ असा वेगळा वंश मानला गेला होता. पुढे ती कॅमीसिपॅरिस इ. वंशांतील झाडांची बालरूपे असल्याचे लक्षात आले. फांदी झाडावर कोठून घेतली यालाही महत्त्व असते. ॲरॉकेरियाच्या बाजूच्या फांदीला मुळे फुटली, तरी ते रोप आडवेच वाढते. सरळ रोपासाठी शेंड्याचाच कोंब घ्यावा लागतो.

संग्रहाचा इतिहास व नावे : जपानमध्ये हिनोकी सायप्रसचे (कॅमीसिपॅरिस ऑब्ट्यूसाचे) अनेक ठेंगणे प्रकार फार पूर्वीपासून जोपासले जात होते. १८६१ मध्ये हा वृक्ष इंग्लंडमध्ये आणला गेला. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, उत्तर अमेरिकेतून तेथे पोहोचलेल्या लॉसन सायप्रसपासून पुढे दोनशेहून अधिक लागवडीतील प्रकार निपजले. केवळ ठेंगण्या प्रकारांचा पद्धतशीर विचार करणारा मरे हॉर्निब्रुक यांचा ग्रंथ १९२३ मध्ये व त्याची सुधारित आवृत्ती १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९२५ मध्ये इंग्लंडमधील बेजबरी येथे शंकुमंतांचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. अमेरिकेत विल्यम गोटेली यांनी आपला ठेंगण्या प्रकारांचा संग्रह १९६२ मध्ये वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानास दिला. खाजगी छंदाचे सार्वजनिक संपत्तीत रूपांतर झाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

लागवडीतील प्रकारांच्या नावांसाठी १९५३ पासून आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. १९५९ पासून नव्या प्रकारांना लॅटिन नावे देण्यास तिने मनाई केली. त्यामुळे ‘नाना’ (खुजा), ‘कॉम्पॅक्टा’ (आटोपशीर), ‘ऑरिया’ (सोनेरी) यांसारखी नावे बहुतांशी जुन्या प्रकारांचीच आहेत. अशा नावावरून झाडाच्या अंतिम आकाराची खात्री मिळत नाही. ज्या काळी ती दिली गेली त्या काळी झाड लहान होते, एवढेच त्यावरून कळते.

महाराष्ट्रातील स्थिती : आज महाराष्ट्रात एकही शंकुमंत जाती वन्य अवस्थेत आढळत नाही. सर्व द्वीपकल्पीय भारतात नेजिया वालिचियाना (जुने नाव पोडोकार्पस वालिचियानस) ही एकच जाती नैसर्गिक असून ती पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील दमट, सदाहरित वनांत वाढते. पूर्वी मात्र तशी स्थिती नव्हती. नागपूरजवळील टाकळी येथे दक्षिण ट्रॅपच्या लाव्हा थरांमधील गाळाच्या खडकांत सापडलेल्या शंकूच्या जीवाश्माचे (शिळारूप अवशेषाचे) वर्णन बिरबल सहानी यांनी १९३१ मध्ये केले व त्याला गावाच्या नावावरून ‘टाकलिओस्ट्रोबस’ असे नाव दिले. म्हणजे सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे पठार घडविणारे ज्वालामुखी जागृत होते त्या काळात, या भूमीवर शंकुमंत वृक्ष वाढत होते. पुढे बदललेल्या हवामानात ते येथून नाहीसे झाले. आज येथे दिसणारा प्रत्येक शंकुमंत वृक्ष माणसाने आणून लावलेला आहे.

पुणे जिल्ह्यातील आळंदी, चाकण व पिंपरी-चिंचवड हा पट्टा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कारखान्यांची आवारे, गृहसंकुले व बंगले यांच्या वाढीबरोबर येथे शोभेच्या झाडांची मागणी वाढली आणि मोरपंखी, जूनिपर व ॲरॉकेरिया ही झाडे नित्याची झाली. आळंदी इंद्रायणीच्या काठी, समुद्रसपाटीपासून ५५० मी. हून अधिक उंचीवर आहे. पाऊस मध्यम असला, तरी तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एप्रिल-मे मध्ये दिवसाचे तापमान ४०° से. च्या आसपास जाते व हवा कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरीने १०° ते १२° से. पर्यंत उतरते. बेसाल्टापासून बनलेली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तिच्यात बहुधा चुनखडीचे खडे असतात.

या परिस्थितीत थंड प्रदेशातील जातींना चार अडचणी येतात. पहिली अडचण पुरेशा थंडीच्या अभावाची होय. फर (ॲबीस) व स्प्रूस (पायसिया) यांच्या कळ्यांची सुप्तावस्था संपण्यास शून्य अंशाजवळील थंडी कित्येक आठवडे मिळावी लागते. ती न मिळाल्यास पालवी अपुरी व अनियमित फुटते आणि झाड दोनतीन वर्षांत खंगते. दुसरी अडचण उष्ण रात्रींची होय. रात्री श्वसनाचा वेग वाढून दिवसा साठविलेले अन्न खर्ची पडते. तिसरी मुळांची होय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा या रोगकारकामुळे मुळे कुजतात. चौथी अडचण जमिनीतील सहजीवी कवकांची आहे. पाइन, स्प्रूस व फर यांच्या मुळांना वेढून राहणारी विशिष्ट कवके त्यांना पाणी व खनिजे मिळवून देतात. ती येथील मातीत सहसा नसतात. क्युप्रेसेसी, ॲरॉकेरिएसी व पोडोकार्पेसी या कुलांचे सहजीवन मात्र ज्या कवकांशी असते, ती बहुतेक सर्व शेतजमिनींत असतात. मोरपंखी येथे सहज रुजते व स्प्रूस रुजत नाही, याचे हे एक कारण आहे.

स्थानिक वृक्षांशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. आळंदीच्या समाधिमंदिरातील प्रसिद्ध अजानवृक्ष (शास्त्रीय नाव एहरेशिया लेव्हिस) हा पानझडी जातीचा आहे. अशा जाती कोरड्या ऋतूत पाने गाळून पाण्याचा खर्च टाळतात. सदापर्णी शंकुमंतास ही सोय नसल्याने उन्हाळ्यातही त्याच्या मुळांना ओलावा लागतो. मात्र पावसाळ्यात तीच मुळे पाण्यात बुडून चालत नाहीत.

योग्य जाती व प्रकार : मोरपंखी ही मूळची चीनमधील जाती. तिचे पूर्वीचे नाव थुजा ओरिएंटॅलिस व आजचे प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. तिच्या डहाळ्या चपट्या व उभ्या पात्यांत मांडलेल्या असतात; शंकूच्या खवल्यांना टोकाशी आकडा असतो व बियांना पंख नसतात. ‘ऑरिया नाना’ हा तिचा दाट, अंडाकृती, सोनेरी प्रकार पठारावरील बागांस सर्वांत भरवशाचा आहे. ‘रोझडॅलिस’ हा बाल्यावस्थेतील मऊ पानांचा प्रकार असून त्याच्या पानांचा रंग ऋतूंप्रमाणे बदलतो.

जूनिपरांपैकी चिनी जूनिपरचा (जूनिपरस चायनेन्सिस) ‘कैझुका’ हा पिळदार फांद्यांचा प्रकार उष्णता चांगली सोसतो. तो ठेंगणा नसला, तरी छाटणीने आवरता येतो. जूनिपरस प्रोकम्बेन्सचा ‘नाना’ हा जमिनीवर चटईसारखा पसरणारा जपानी प्रकार खडकाळ रचनेत व बॉनसायसाठी वापरतात. समुद्रकाठच्या वाळूत वाढणारे जूनिपरस कॉनफर्टा हेही उन्हाला टिकते; मात्र निचरा उत्तम असावा लागतो.

पोडोकार्पस मॅक्रोफायलस या जातीचा ‘माकी’ हा आटोपशीर प्रकार अर्धवट सावलीत, कुंपणासाठी व कुंडीसाठी उपयुक्त आहे. झाडे विभक्तलिंगी असून मादी-झाडावर बियांखालील भाग मांसल व लालसर होतो. पाणथळ कोपऱ्यासाठी टॅक्सोडियम हा पानझडी वृक्ष योग्य. तो ठेंगणा नव्हे, म्हणून मोठ्या आवारातच लावावा.

मॉन्टेरे सायप्रसचा ‘गोल्डक्रेस्ट’ हा लिंबासारख्या वासाचा सोनेरी प्रकार हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर विकला जातो. ही जाती मूळची कॅलिफोर्नियाच्या थंड, धुक्याच्या किनाऱ्यावरील दोन लहान वनांतली असल्याने पठारावरील उन्हाळा व त्यामागून येणारा पावसाळा तिला सहसा मानवत नाही. ‘कोनिका’ स्प्रूस, लॉसन सायप्रस व निळे स्प्रूस यांचीही तीच गत होते. या झाडांवरील खर्च एका हंगामाच्या शोभेपुरता समजावा.

ॲरॉकेरियाच्या दोन जातींची नेहमी गल्लत होते : नॉरफॉक बेटावरील ॲरॉकेरिया हेटरोफायला आणि न्यू कॅलेडोनियातील ॲरॉकेरिया कॉलम्नॅरिस (कुक पाइन). दुसरी जाती स्तंभासारखी अरुंद वाढते आणि तिचे खोड बहुधा एका बाजूस कललेले असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा कल विषुववृत्ताच्या दिशेने असल्याचे दिसून आले. उत्तर गोलार्धात ती दक्षिणेकडे झुकते. इमारतीच्या उत्तर बाजूस हे झाड लावताना याचा विचार करावा.

लागवड व निगा : कुंडीसाठी चाळलेली तांबडी माती, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे व पानांचे कुजलेले खत यांचे मिश्रण वापरतात. जमिनीत लावावयाचे झाल्यास काळ्या मातीत खड्डा खणून त्यात चांगले मिश्रण भरू नये, कारण पावसाळ्यात असा खड्डा हौदासारखा भरतो. मुरूम व माती यांचा ३० ते ४५ सेंमी. उंच वाफा करून त्यावर लागवड करावी. प्लॅस्टिकच्या काळ्या कुंड्या उन्हात तापून मुळे भाजतात. मातीच्या कुंड्या अधिक बऱ्या. सकाळचे ऊन व दुपारनंतरची सावली मिळणारी पूर्वेकडील जागा उत्तम असते. लागवड पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करतात.

शंकुमंत झाड मेल्याचे उशिरा कळते. मुळे कुजल्यावरही पाने काही आठवडे हिरवी राहतात. ती तपकिरी दिसू लागतात तेव्हा बहुधा उपाय राहिलेला नसतो. म्हणून पानांऐवजी मातीकडे लक्ष द्यावे लागते. वरची दोन बोटे माती सुकल्यावरच पाणी घालावे व पावसाळ्यात कुंडीखालील बशी काढून ठेवावी. उन्हाळ्यात लाल कोळ्यांमुळे आतील पाने धुरकट होतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्यांना आळा बसतो. छाटणी नेहमी हिरव्या भागातच करावी. मोरपंखी, सुरू व जूनिपर यांच्या जुन्या, उघड्या लाकडावर पुन्हा पालवी फुटत नाही व पडलेले खिंडार कायम राहते. यू व पोडोकार्पस यांना मात्र जुन्या लाकडावरही फूट येते.

अभिवृद्धी : ठेंगणे प्रकार बियांपासून तंतोतंत निपजत नाहीत, म्हणून ते छाट कलमांनी किंवा कलम बांधून वाढवितात. मोरपंखी, जूनिपर व पोडोकार्पस यांची १० ते १५ सेंमी. लांबीची, बुडाशी जुन्या लाकडाची टाच असलेली छाटे थंडीच्या सुरुवातीस घेतात. त्यांची टोके इंडॉल ब्युटिरिक आम्लात बुडवून ओल्या वाळूत, सावलीत लावल्यास मुळे फुटण्यास दोन ते चार महिने लागतात. पाइन वृक्षांची छाटे सहसा मुळे धरीत नाहीत. त्यांचे बगल कलम त्याच वंशातील रोपावर बांधावे लागते. विकत घेतलेल्या कलमी झाडावर सांध्याखालून फुटणारे कोंब तत्काळ काढतात.

दुर्मिळ जाती व संग्राहकाची जबाबदारी : जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या २०१३ च्या मूल्यमापनाप्रमाणे शंकुमंतांच्या सु. ३४ टक्के जाती धोक्यात आहेत. यांतील काहींच्या रक्षणात उद्यानांचा वाटा मोलाचा आहे. मेटॅसिक्वोया हा वंश १९४१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून वर्णिला. त्याच दशकात मध्य चीनमध्ये जिवंत वृक्ष सापडले आणि १९४८ मध्ये त्यांचे बी जगभरच्या उद्यानांत वाटले गेले. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळच्या डोंगराळ वनात वॉलेमिया या वृक्षाचा शोध लागला. त्याची पूर्ण वाढलेली शंभराहूनही कमी झाडे निसर्गात आहेत. त्यांच्या मूळ जागेकडे कोणी फिरकू नये म्हणून ती गुप्त ठेवून रोपवाटिकेत वाढविलेली रोपे २००५-०६ पासून विक्रीस आणली गेली. २०१९-२० च्या वणव्यांत मूळ वृक्ष वाचविण्यासाठी खास मोहीम राबवावी लागली.

याउलट संग्राहकांच्या हौसेमुळेच संकटात आलेल्या जातीही आहेत. तैवानजवळचे लान्यू बेट व फिलिपीन्सची उत्तरेकडील बेटे येथील पोडोकार्पस कॉस्टॅलिस हे मंद वाढणारे, सुबक झुडूप शोभेच्या व बॉनसायच्या व्यापारासाठी कड्यांवरून खणून नेले गेल्याने संकटग्रस्त झाले. हिमालयी यू औषधी द्रव्यासाठी साल व पाने ओरबाडली गेल्यामुळे घटला आहे. अरुणाचल प्रदेशातील ॲमेंटोटॅक्सस आसामिका ही जाती शास्त्राला १९८५ मध्ये ज्ञात झाली. तिचा प्रसार अत्यंत मर्यादित आहे. जी जाती उद्यानांत सर्वत्र दिसते ती निसर्गातही मुबलक असते, असेही नाही. जगभर लावला जाणारा नॉरफॉक पाइन त्याच्या लहानशा मूळ बेटावर असुरक्षित गणला जातो.

परदेशातून रोपे किंवा बी आणण्यास भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना व निर्यातक देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. चिलीचा ॲरॉकेरिया ॲरॉकाना यासारख्या जातींचा व्यापार वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराने (साइट्‌सने) कडकपणे नियंत्रित केला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमात या कराराच्या अंमलबजावणीची तरतूद झाली. त्यामुळे झाड रोपवाटिकेत वाढविलेले आहे की वन्य अवस्थेतून आणलेले आहे, हे विकत घेण्यापूर्वी विचारणे आवश्यक ठरते. वयाच्या मानाने फार जाड खोड, तुटलेली जाड मुळे व खडकाचा ठसा असलेले बूड ही वन्य झाडाची लक्षणे असू शकतात.

संवर्धनाच्या दृष्टीने ठेंगण्या प्रकाराचे मूल्य मर्यादित असते. एका प्रकाराची हजारो झाडे ही एकाच झाडाच्या प्रती असल्याने त्यांत जातीची आनुवंशिक विविधता नसते. एडिंबरा येथील राजकीय वनस्पति-उद्यानाने १९९१ मध्ये सुरू केलेल्या शंकुमंत संवर्धन योजनेत यासाठी निरनिराळ्या वन्य वृक्षांपासून रीतसर घेतलेल्या बियांची रोपे अनेक उद्यानांत विभागून वाढविली जातात. ज्या झाडाचे मूळ ठिकाण, बी घेतल्याची तारीख व क्रमांक यांची नोंद आहे तेच झाड अशा कार्यात उपयोगी पडते. नोंद हरवलेले दुर्मिळ झाड केवळ शोभेचे उरते.

म्हणून आळंदीसारख्या उष्ण पठारावरील संग्राहकाने नावांची लांब यादी करण्यापेक्षा येथे जगू शकणारे थोडे प्रकार निवडणे श्रेयस्कर होय. प्रत्येक झाडास नाव, आणल्याचे ठिकाण व वर्ष लिहिलेली पट्टी लावावी, दरवर्षीची वाढ मोजून ठेवावी आणि प्रत्येक प्रकाराचे निदान एक कलम दुसऱ्या बागेत द्यावे. पठारावरील वाढीची अशी मापे जमत गेली, तर थंड देशांच्या आकड्यांवर विसंबण्याचे कारण उरणार नाही. एका बागेतील झाड पावसाळ्यात दगावले, तरी दुसरीकडे दिलेल्या कलमामुळे तो प्रकार या भागात टिकून राहतो.